मिलिंद, तुझ्या नावाचा पूल

मिलिंद, तुझ्या नावाने पूल बांधायचं चाललंय. तोही पादचारी पूल, आणि तोही शिरवण्याच्या नाक्यावर.

"तू जिथे असशील तिथे हे ऐकून" असं काहीतरी लिहिणार होते. पण तू लगेच चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असतास, "मी आता कुठेच नाही, नीला. उगाच पत्ता शोधू नकोस." म्हणून तसं लिहीत नाही. पण इतकी वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून तुझ्याशी भांडायची सवय लागलीय, ती एकदम कुठे नेऊन ठेवू? म्हणून बोलतेय. तसंही तू माझं अर्धंच ऐकायचास.

तर झालं असं. सानपाड्याच्या विहारात तुझी आदरांजली सभा होती. करुणावहिनी पुढे बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत, एकदम लहान दिसत होत्या. एकेक जण उठून बोलत होता. सगळे तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलत होते की तू नेमका कोण ते ओळखू येईना. शांत स्वभावाचे, म्हणे. कधी आवाज चढवला नाही, म्हणे. मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, कारण अशा वेळी तू तिथे बसून हळूच कोपराने ढोसायचास. तिथे कुणाची तरी पर्स होती.

मग शिरवण्याचे बाळूशेठ उठले. गावकीतलं वजनदार माणूस, पालिकेत सगळ्यांशी ओळख, आणि तुझ्यावर मनापासून जीव. त्यांनी आधी वहिनींना हात जोडले. मग म्हणाले, "मिलिंदसर आमच्या गावचे नव्हते, पन आमच्या गावासाठी जेवढं पलाले तेवढं गावचं पन कोन पलालं नाय. नाक्याव मानसं मरतान, हे सरांनीच पयलं सांगितलं. तं आता तिथं पूल होनार हाय. आमी शब्द घेतलाय. आनि त्या पुलाला सरांचं नाव देनार."

टाळ्या वाजल्या. मग ही शोकसभा आहे हे आठवून थांबल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि बसल्या जागेवरून हात जोडले. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही लपवायला मी खोकत बाहेर गेले. जन्मभर ज्या माणसाने पादचारी पुलांना शिव्या घातल्या, त्याच्या नावाने पूल. आणि तोही प्रेमापोटी. वैरी असता तर भांडून मोकळी झाले असते, पण बाळूशेठशी कसं भांडायचं?

त्या नाक्याने तुला किती पछाडलं होतं ते आपल्या ऑफिसबाहेर फार थोड्यांना माहीत आहे. एका बाजूला शिरवणे गाव, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि बसचा थांबा, आणि मधे तो रुंद रस्ता. कंटेनर, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या. सिग्नल नाही, पट्टे नाहीत. दुभाजक एका ठिकाणी फुटलेला आहे, त्या फटीतून डबा सांभाळत बायका अंग तिरपं करून निघतात. नकाशावर बघितलं तर तिथे माणसाने ओलांडायची जागाच नाही, आणि प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथूनच ओलांडतं. तू म्हणायचास, "लोकांनी जागा दाखवून दिलीय. आपण फक्त तिथे गाड्या थांबवायच्या." तुझ्या डोक्यात सगळं तयार होतं. रस्ता तिथे थोडा निमुळता करायचा, ओलांडायची पट्टी फूटपाथच्या उंचीला आणायची म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागेल, दुभाजकात सावकाश उभं राहता येईल एवढी जागा, चालणाऱ्यांसाठी सिग्नल, आणि दोन्ही दिशांचे बसथांबे तिथेच लागून. एवढंच. कुणाला दाखवलं की तो म्हणायचा, "बस, एवढंच?" आणि फाइल खालच्या ढिगात जायची.

तुझी ती बटाट्यांची पद्धत आठवली की मला अजून संताप येतो. रस्ता आखायच्या आधी तो चालून बघायचा, हे सगळेच म्हणतात. तुझं म्हणणं, रिकाम्या हाताने चालणारा माणूस रस्त्यावर सापडतो कुठे? म्हणून सर्व्हेला निघालो की पहिल्या भाजीवाल्याकडे थांबून तू बटाट्यांची भरलेली पिशवी माझ्या एका हातात द्यायचास आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री. उन्हाळ्यातसुद्धा. "आता चाल. कुठे अडलीस ते सांग." पावणे गावाजवळ कारखान्यांच्या रांगेत मी अशी चालत होते तेव्हा वर्कशॉपमधली माणसं लेथ बंद करून बघायला बाहेर आली होती. एकदा तर पालिकेच्या मोठ्या साहेबांच्या हातात तू पिशवी दिलीस. ते बिचारे विजेच्या खांबापाशी अडकले, खाली उतरावं तर रिक्षा, फूटपाथवर राहावं तर छत्री मावेना. तो खांब मात्र महिन्याभरात हलला. आणि ते सगळे बटाटे दर वेळी माझ्या पिशवीत. आमच्या घरात सर्व्हेचा आठवडा म्हणजे बटाट्याची भाजी, हे ठरलेलंच होतं.

आणि एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. मी नवीन होते, सर्व्हेच्या टीमला मी एकटीच बाई. दिवसभर रस्त्यावर. तू चहाला नेहमी ठरावीक हॉटेलांतच न्यायचास, कधी चार पावलं मागे जाऊन, कधी रस्ता वाकडा करून. चहा काही खास नसायचा. मला वाटायचं, साहेबांचे नखरे आहेत. खूप उशिरा ध्यानात आलं की त्या प्रत्येक हॉटेलात बायकांसाठी स्वच्छ संडास होता. तू हे कधी दाखवलं नाहीस, मग मीही कळल्याचं दाखवलं नाही. आज सांगतेय, मिलिंद, फार बरं वाटायचं.

पुलावरून मात्र आपलं खरंच वाजलं. त्या दिवशी मी नाक्यावर मोजणीला उभी होते. पॅकिंगच्या कारखान्यात काम करणारी एक बाई फटीतून निघाली आणि टँकर आला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. ती वाचली, पण पायाने अधू झाली. परत ऑफिसात आले ती सरळ तुझ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "पूल घे. पालिका देतेय तर घे. तुझं क्रॉसिंग कागदावर आहे आणि टँकर रस्त्यावर आहे."

तू म्हणालास, "पूल झाला की खाली दुभाजकावर जाळी लागते. मग ओलांडायचा विषय कायमचा संपला. आणि त्या पुलावर कोण चढतं, तूच मोजलंयस ना?"

"थोडे चढतात. तेवढे तरी वाचतील."

"गाडीत बसलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर जाऊ नये म्हणून चालणाऱ्याने दोन मजले चढायचे? डोक्यावर ओझं, कडेवर पोर, कुणी पोटुशी. हा कुठला न्याय?"

मी म्हटलं, "न्यायाचं नंतर बघू रे, आधी माणसं जिवंत राहू देत." माझा आवाज चढला होता. तू मात्र एकदम खाली आलास. म्हणालास, "माझ्या आज्याला गावातल्या रस्त्याने जाता येत नव्हतं. शेताच्या बांधावरून वळसा घालून जायचा. रोज कुणी अडवायला उभं नसायचं. हा रस्ता आपला नाही, एवढं त्याला कळलेलं असायचं. तू मला सगळं सांग, नीला. पण चालणाऱ्याने वळसा घालावा, हे सांगू नकोस."

इतक्या वर्षांत तू हे ऑफिसात कधी काढलं नव्हतंस. मी उठून चहा टाकला. दुसऱ्या दिवशी आपण दुसऱ्याच रस्त्याबद्दल बोललो, मग तुझ्या तपासण्या सुरू झाल्या, आणि मग वहिनींच्या फोनवर फक्त "आज कसं आहे" एवढंच उरलं. तुझं म्हणणं मला आत कुठेतरी लागलं होतं, हे तुला सांगायचं राहिलं. आणि त्या बाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं, हेही खरंच होतं. हे भांडण कुठल्या बाजूला लागलं असतं मला माहीत नाही.

सभेनंतर काही दिवसांनी वहिनींना भेटायला गेले. "जयभीम, नीलाताई, या," म्हणाल्या आणि चहाच्या आधी आतून एक गुंडाळी घेऊन आल्या. बाळूशेठने पाटीचा नमुना छापून पाठवला होता. निळ्या रंगावर पांढरी मोठी अक्षरं: कालकथित मिलिंदसर पादचारी पूल. वहिनींनी ती सोफ्यावर पसरली, कोपऱ्यांवर उशा ठेवल्या. म्हणाल्या, "बघा ना, किती छान दिसतंय. घरात काय राहिलंय त्यांचं? शर्ट, चष्मे. लेक फोनवर रडते. निदान बाहेर कुठेतरी नाव दिसेल."

आता मी काय करायचं होतं, तूच सांग. गप्प बसले असते तर तुझ्या नावाच्या पुलाखाली जाळी लागून तुझं क्रॉसिंग कायमचं गेलं असतं. बोलले असते तर वहिनींच्या हातातून तेवढंही काढून घेतल्यासारखं झालं असतं. मी चहा संपवला. बिस्किट खाल्लं, जे मला आवडत नाही. आणि मग सांगून टाकलं की वहिनी, मिलिंदला हा पूल नको होता.

वहिनींनी माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाल्या, "तुम्ही तर पुलाच्या बाजूने होतात."

मी चाटच पडले. तू घरी जाऊन सगळं सांगायचास तर.

"रोज जेवताना तेच. आज नीला असं म्हणाली, आज तसं म्हणाली. आता ते गेले म्हणून त्यांचं खरं झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच नसण्यापेक्षा पूल बरा, असं मला अजून वाटतं. पण त्याला मिलिंदचं नाव नको. त्याच्या मागे त्याच्या तोंडून आपण भलतंच बोलतोय असं होईल."

त्यांना राग आला होता. उशा बाजूला टाकून त्या पाटी गुंडाळायला लागल्या. मला वाटलं, आता मला या घरात पुन्हा कुणी चहा देणार नाही. मग म्हणाल्या, "मला ती जागा दाखवा. लग्न झाल्यापासून रस्ते ऐकतेय, बघितलं काहीच नाही."

आम्ही बसनेच गेलो. रिक्षा केली असती तर तू छळलं असतंस. वहिनींना बसची पायरी चढायला जड गेली. आयुष्यभर वॉर्डात उभं राहून नर्सिंग केलेले गुडघे, तुला माहीत आहेतच. शिरवण्याच्या अलीकडच्या थांब्यावर उतरलो, कारण तिथे जुना पादचारी पूल आहे आणि मला त्यांना तो आधी दाखवायचा होता. खरं सांगते, मी मुद्दामच तसं केलं.

वहिनींनी जिन्याकडे बघितलं. "लिफ्ट नाही?"

"आहे. बंद असते."

त्या कठड्याला धरून तीन-चार पायऱ्या चढल्या, थांबल्या, आणि तिथेच बसल्या. वर पुलावर चिटपाखरू नव्हतं. दोन पोरं मोबाइल बघत बसली होती तेवढीच. खाली जाळीचा एक पत्रा कुणीतरी वाकवलेला, त्यातून माणसं वाकून निघत होती आणि गाड्यांपुढून पळत होती. एक म्हातारे गृहस्थ धोतर वर धरून पळाले. वहिनी बघत होत्या. मी काही बोलले नाही, आणि हे मला किती कठीण जातं ते तुला ठाऊक आहे.

शेवटी म्हणाल्या, "ह्यांचं नाव असं वर लावायचं, आणि खालून लोक जीव मुठीत धरून पळणार. मला तर ते नाव जवळून वाचायलाही चढता यायचं नाही." मग माझा हात धरून उठल्या. "बाळूशेठचं घर कुठेय?"

बाळूशेठ जेवायला बसले होते, तसेच उठले. वहिनींचं ऐकून गोंधळून गेले. "वैनी, आमी तं चांगलंच करायला गेलो."

"चांगलंच आहे, शेठ. पण तुम्ही पुलासाठी शब्द घेतलात ना, तो फिरवून रस्त्यासाठी घ्या. त्यांना खालूनच जायचं होतं."

"ते करू ना. पन मंग सरांचं नाव कुठं लावनार? डांबराव तं पाटी लावता येत नाय."

"नाव राहू द्या."

बाळूशेठनी हात धुतले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ते सरांचं डिझाइन हाय ना तुमच्याकडं? उद्या घेऊन या. मी येतंय तुमच्यासंगती." निघताना वहिनींनी विचारलं, पाटीचा तो नमुना घरीच ठेवला तर चालेल का. बाळूशेठ म्हणाले, "वैनी, तो तुमचाच हाय." तो आता तुमच्या कपाटात तुझ्या शर्टांखाली आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ऑफिसांच्या फेऱ्यांचं वर्णन तुला काय करायचं. बाळूशेठ सोबत असले की आपली ती ढिगातली फाइल चटकन वर येते, हे कळलं. कायमचं काही दिलेलं नाही. थोड्या दिवसांची चाचणी दिलीय. गाड्या फार तुंबल्या तर पुन्हा पूल, हे साहेबांनी तोंडावर सांगितलं. तुला वाटलं असतं अपमान झाला. मला वाटलं, दार किलकिलं झालं. माझा पाय आधीच आत होता.

कबड्डीचं मैदान आखतात तशी फक्की टाकून आम्ही पट्टे मारले. रस्ता निमुळता करायला ड्रम लावले. फुटलेल्या दुभाजकाचे दगड काढून तिथे सपाट जागा केली. चाकांवरचा तात्पुरता सिग्नल आणला. पहिल्या सकाळी दोन ट्रॅफिक हवालदार, बाळूशेठ, गावातली बरीच मंडळी, सगळे हजर. वहिनीही आल्या. लांबच उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून.

सिग्नलवाल्याने पेटी उघडली आणि विचारलं, "मॅडम, चालणाऱ्यांना टाइम किती देऊ?"

आकडा माझ्या खिशात होता. रस्त्याची रुंदी आणि माणसाची चाल यांचा भागाकार, पुस्तकात असतो तसा. तो सांगायला तोंड उघडलं आणि समोर वहिनी दिसल्या. मी म्हटलं, "जरा थांबा. आधी ह्यांना जाऊ द्या. त्या जितका घेतील तितका."

हवालदारांनी दोन्हीकडे हात केले. गाड्या थांबल्या. वहिनी म्हणाल्या, "मी? एकटी?" मी मान हलवली. त्यांनी फक्कीच्या पट्ट्यावर पाय ठेवला आणि चालायला लागल्या. सिग्नलवाला मोबाइलवर वेळ लावून बघत होता. दुभाजकापर्यंत नीट गेल्या, मधल्या जागेवर क्षणभर टेकल्या, पुढे निघाल्या. आणि पलीकडच्या अर्ध्या रस्त्याच्या ऐन मधे थांबल्या. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. त्यांच्या एका अंगाला कंटेनर होता, मागे कंपनीची बस, त्यामागे रांग पार वळणापर्यंत. कुणीतरी हॉर्न दिला. हवालदार पुढे व्हायला निघाला तर बाळूशेठनी त्याचा दंड धरला. वहिनींनी मान वर करून त्या सगळ्या उभ्या गाड्यांकडे एकदा बघितलं, पदर नीट केला, आणि घाई न करता पलीकडे गेल्या.

सिग्नलवाल्याने मोबाइल थांबवला. "मॅडम, त्या मधे थांबल्या ना, तेवढा टाइम वजा करतो."

"नको," मी म्हटलं. "तो धरायचा."

"अहो, गाड्या अडतील."

"अडू देत."

मिलिंद, तू असतास तर जिंकल्यासारखा हसला असतास. आणि या एका वेळी मी तुला हसू दिलं असतं.